गोल वाडा कोणी वाटू नये

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मी उमाजी वल्द धोंडजी गडदे, जात हटकर धनगर, वय एकोणपन्नास, धंदा मेंढरे पाळणे व थोडी शेती, राहणार मौजे पांढरमाळ, चारठाण्याजवळ, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या ओसरीवर बसून माझ्याच हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अंगात ताप नाही, पोटात दारू नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. बायको मधून मधून बोलते, पण ते तीस वर्षे चालू आहे, त्याला दडपण म्हणता येणार नाही.

मी आजारीही नाही. पण माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी भर दुपारी, काठीवर हनुवटी टेकून उभे असतानाच गेले. मेंढरे चरत राहिली. त्यांनी कोणाला काही सांगून ठेवले नव्हते, आणि त्यामुळे आमच्या घरात जे झाले ते पुन्हा होऊ नये म्हणून हा कागद. गावच्या गुरुजींनी त्यांच्या ओसरीवर मला तीन वर्षे अक्षर शिकवले. ते या कामी आले, हे त्यांचे उपकार.

कलम पहिले. माझी माणसे. बायको भिवराबाई. मुलगी बायनाबाई, वय सत्तावीस, एकुलती. तिचा नवरा चंद्रभान, मूळ चारठाण्याचा, जमीन नसलेला, सहा वर्षांपासून माझ्याकडे राहतो. गाव त्याला घरजावई म्हणते. म्हणू दे. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा सख्खा भाऊ रायभान, याच गावात ओढ्याच्या पलीकडे राहतो. त्याच्याशी माझे एकोणीस वर्षे बोलणे नाही. मला मुलगा नाही, आणि त्याची खंत हा कागद लिहिताना शोधली तर सापडली नाही.

कलम दुसरे. राहते घर, दोन खोल्या व ओसरी, भिवराबाईचे. ती हयात असेपर्यंत कोणी तिला खोली बदलायला सांगू नये, चूल हलवू नये. तिच्या मागे बायनाचे.

कलम तिसरे. जमीन चार एकर दहा गुंठे, मुरमाड. ही मी कूळ म्हणून कसत होतो, निजामाचे राज्य गेल्यावर नव्या कायद्याने माझ्या नावावर झाली. माझ्या सात पिढ्यांत जमिनीचा कागद हातात धरलेला मी पहिला माणूस. तलाठ्याने नकाशा दिला त्या दिवशी तो मी खंडोबापुढे ठेवला आणि भंडारा वाहिला. ही जमीन भिवराबाई व बायना यांनी निम्मी निम्मी घ्यावी. जमीन वाटता येते. बांध घातला की दोन्हीकडे ज्वारी उगवते. मेंढवाड्याचे तसे नाही. ते का नाही, हे समजायला मला पंधरा वर्षे लागली, म्हणून पुढचे कलम लांब होईल.

कलम चौथे. वाघरीची हकीकत. वडिलांच्या मागे ऐंशी मेंढरे, एक कुत्रा आणि एक वाघूर राहिली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहितो. वाघूर म्हणजे केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या दोरीची, कमरेइतकी उंच जाळी. खुंट्या रोवून ती मेंढरांभोवती उभी केली की उघड्या रानात वाडा होतो. शेतकरी खतासाठी आपल्या वावरात मेंढरे बसवून घेई आणि त्याबदल्यात ज्वारी देई. आज या वावरात, उद्या त्या, असे आमचे आयुष्य जाळीसह चालत होते. वडिलांची जाळी ऐंशी हात लांब होती आणि ऐंशी मेंढरे तिच्यात सुखाने बसत.

फसली तेराशे अठ्ठेचाळीस साली, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी, आम्हा भावांची वाटणी झाली. चाळीस मेंढरे त्याची, चाळीस माझी. कुत्रा आईकडे राहिला. मग जाळीचा प्रश्न आला. पंच म्हणाले, मेंढरे निम्मी तर जाळीही निम्मी. हे सगळ्यांना इतके सरळ वाटले की कोणी दुसऱ्यांदा विचार केला नाही, मीही नाही. दोन्ही टोके जुळवून घडी घातली. रायभानने मधला ठाव धरला, मी विळ्याने कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर माझ्या जाळीत तीन कोकरे पायांखाली जाऊन मेलेली. मेंढरे एकमेकांवर चढून उभी, बसायला जागा नाही. ऐंशी हातांत ऐंशी बसत, मग चाळीस हातांत चाळीस का बसू नयेत? याचे मला एकच उत्तर दिसले, की माझ्या वाट्याला आखूड तुकडा आला. जाळी मोजून खात्री होत नाही, कारण ती ओढली की वाढते, सोडली की आखडते. जो मोजतो त्याच्या मनासारखी भरते. तिकडे ओढ्यापलीकडे रायभानची चार कोकरे गेली, आणि त्यालाही तेच उत्तर दिसले.

चारठाण्याच्या बाजारात आम्ही समोरासमोर आलो.

"दादा, इळा तुज्या हातात व्हता," तो म्हणाला.

"मधला ठाव तू धरला व्हतास," मी म्हणालो.

"म्हंजे म्या सरकावला?"

"म्या न्हाई म्हनलं. तुज्या तोंडानं निगालं."

हे आमचे शेवटचे बोलणे. आई दगडाबाई गेली तेव्हा आम्ही तिरडीच्या दोन बाजूंना उभे होतो आणि एकमेकांकडे पाहिले नाही. बायनाच्या लग्नाला तो आला नाही. मी बोलावलेही नव्हते, हे इथे खरे लिहितो.

इथवर सोमवारी लिहिले.

कलम पाचवे. कुंपणाची निवड. हे माझ्या वारसांनी लक्ष देऊन वाचावे, कारण वाडा पडला तर पुन्हा बांधावा लागेल आणि तेव्हा मी नसेन.

जमीन मिळाली त्या वर्षी माझा गुडघा गेला. रानोरान फिरणे संपले. बेचाळीस मेंढरांसाठी एका जागी कायमचा वाडा करायचा ठरवले. कुंपण कशाचे घालावे यावर मी एक उन्हाळा घालवला.

काट्याचे कुंपण सगळ्यात सोपे. बोराट्या तोडल्या, रचल्या, झाले. पण बुडाला वाळवी लागते, दर वर्षी नवे तोडावे लागते, आणि मेंढरे अंग घासतात तेव्हा लोकर काट्यावर राहते. एका पावसाळ्यात मी काट्यांवरची लोकर वेचली तर एका लहान घोंगडीपुरती निघाली. जी लोकर कुंपण खाते ती आपली नव्हे.

काटेरी तारेचे पाहायला देवगाव फाट्यावर गेलो. दुकानदार म्हणाला, "एकदा ताना, ईस वर्सं बगू नका." मी म्हणालो, "कोकरू खालून निगालं तर?" तो म्हणाला, "आनखी एक तार लावा." मी म्हणालो, "लांडगा मधून आला तर?" तो म्हणाला, "आनखी एक लावा." मी म्हणालो, "लोकर अडकली तर?" त्याने मला चहा पाजला. माणूस वाईट नव्हता. पण तार बैलांसाठी आहे, मेंढरांसाठी नाही.

निवडुंग लावून पाहिला. त्याला वाढायला चार वर्षे लागतात आणि लांडग्याला यायला एक दिवस पुरतो.

राहिला दगड. माझ्या माळावर दगड पिकतो. तो वेचून बांधाला टाकायचाच होता, म्हटले भिंतीला टाकू. बिनचिखलाची भिंत, तीन हात उंच, बुडाला दोन हात रुंद आणि वर एक हात. वरती बोराट्यांचा थर, बाहेरच्या बाजूला झुकवून, दगडाने दाबलेला. म्हणजे काटा लांडग्याच्या तोंडाशी राहतो आणि मेंढरांच्या अंगापासून दूर. बाहेरच्या अंगाला एकही दगड पुढे येऊ देऊ नये, पाय ठेवायला जागा मिळते. दार पूर्वेला आणि एक मेंढरू जाईल एवढेच अरुंद, म्हणजे जाता येता मोजणी होते. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो, तिकडची भिंत वीतभर उंच ठेवावी. जमीन ओढ्याकडे उतरती आहे, खालच्या अंगाला मोरी ठेवावी, नाहीतर मुतात उभी राहून खुरे सडतात.

आता प्रश्न राहिला आकाराचा. नकाशा चौकोनी होता, म्हणून माझ्या मनातला वाडाही चौकोनी होता. पहिल्यांदा जमीन मिळालेल्या माणसाला तिचे चारही कोपरे वापरावेसे वाटतात. शेजारचे शेतकरी दिनकरराव यांनीही तेच सांगितले, "चौकोनी बांद. उंद्या वर पत्रे टाकले की घर व्हतंय." पण एकेक हात भिंत म्हणजे दोन दिवसांचे दगड. कमीत कमी भिंतीत जास्तीत जास्त मेंढरे बसावीत असा आकार हवा होता. मी दोरा घेतला, चाळीस बोटे लांब, त्याची टोके बांधली आणि भिवराबाईकडे चिंचोके मागितले.

ती म्हणाली, "बारक्यापनी खेळायचं ऱ्हायलं व्हतं का? आता चिंचोके खेळायलाय."

दोरा ओसरीवर चौकोनी मांडला आणि आत चिंचोके एकाला एक लावून भरले. अडीचशेच्या आसपास मावले. तोच दोरा गोल केला. सव्वातीनशे मावले. दोरा तेवढाच. मी तीनदा मोजले. कोपऱ्यात जागा दिसते पण ती फसवी असते, आणि मेंढरे घाबरली की कोपऱ्यातच एकमेकांवर चढून मरतात, हे तर मी डोळ्यांनी पाहिले होते. देवाने जीव जपायला जे जे केले त्याला कोपरा ठेवला नाही. अंडे पाहा, पाखराचे घरटे पाहा, आईचे पोट पाहा. मी तिथेच हात जोडले.

मग माझी मेंढरे आणखी वाढली किंवा कमी झाली तर किती भिंत लागेल ते पाहावे म्हणून मी दोरा मधोमध कापला. वीस बोटांचा गोल केला. सव्वातीनशेच्या निम्मे म्हणजे एकशेसाठ मावतील असे धरून चिंचोके घेतले.

ऐंशी मावले.

निम्म्या दोऱ्यात निम्मे मावत नाहीत, पाव मावतात. दोन्ही तुकड्यांचे दोन गोल केले तरी मिळून एकशेसाठ. उरलेले तितकेच चिंचोके ओसरीवर बाहेर पडून होते आणि मी त्यांच्याकडे पाहत बसलो. जाळी बरोबर मधोमध कापली गेली होती. तुकडे सारखे होते. रायभानने ठाव सरकवला नव्हता आणि माझा विळा वाकडा गेला नव्हता. कापली हीच चूक होती. आम्हा दोघांच्या मेंढरांची अर्धी जागा त्या विळ्याने नाहीशी केली आणि ती आम्ही पंधरा वर्षे एकमेकांच्या घरात शोधत होतो.

भिवराबाईने विचारले, "काय झालं? असं काऊन बसलाव?" मी म्हणालो, "रायभान चोर न्हाई." ती म्हणाली, "ते मला म्हाईत व्हतं." मी विचारले, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमी चिंचोके मागायची वाट बगायले व्हते मी."

मी दिनकररावांच्या तोंडी ओढ्यापलीकडे निरोप पाठवला, सगळे समजावून. रायभानचे उत्तर आले, "त्याला सांगा, चिंचोक्यानं पोट फुगतंय, जाळी न्हाई." मी स्वतः गेलो नाही. जायला हवे होते. बायकोने तीनदा सांगितले. प्रत्येक वेळी मी गुडघ्याचे कारण दिले.

वाडा बांधला. मधे खुंटी ठोकली, दोर बांधला, दोराने गोल आखला. भिंतीचा घेर आतून छप्पन्न हात. चंद्रभानने दगड वाहिले, बायनाने रचले, मी बसून कुठला दगड कुठे ते सांगितले आणि शिव्या खाल्ल्या. दिनकरराव गावात म्हणाले, "मेंडक्याला कोपरा काडता येईना, म्हनून गोल बांदलंय." हे मला कळले आहे, ते या कागदावर नोंदवतो. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या शेळ्यांसाठी वाडा बांधला. तोही गोल, माझ्याच दोराने आखलेला, तोही नोंदवतो.

चार पावसाळे झाले. चेंगरून एक कोकरू मेले नाही. लांडग्याने एकदा दोन दिवस भिंतीभोवती फेऱ्या मारल्या, मातीत त्याची पाऊलवाट पडली. तिसऱ्या दिवशी तो निघून गेला. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी पुऱ्या केल्या आहेत. ही एक पुरी आहे आणि ती चांगली आहे, हे मी लाज न बाळगता लिहितो.

कलम सहावे. माझी बेचाळीस मेंढरे आणि गोल वाडा, त्याखालच्या जागेसह, मी माझी मुलगी बायनाबाई हिला देतो. जागा कलम तिसऱ्याच्या वाटणीतून वगळावी. मेंढरे आणि वाडा दोन्ही एकत्र, अखंड. ती प्रत्येक मेंढीला आवाजावरून ओळखते. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू फिरवणे माझ्याने होत नाही, तिच्याने होते. गेल्या वर्षी सरकारने कायदा केला की मुलगीही वारस. कायदा नसता तरी मी हेच लिहिले असते, फक्त ते टिकले नसते.

मला भीती एकच आहे. माझ्या मागे रायभान म्हणेल की ही बापाच्या मेंढरांची औलाद आहे, ती जावयाच्या दावणीला जाऊ नये. पंच पुन्हा बसतील. पंचांना निम्मे करणे आवडते, त्यात कोणाला दुखवावे लागत नाही. एकवीस मेंढरे इकडे, एकवीस तिकडे. एकवीस मेंढरांच्या लोकरीवर घर चालत नाही, आणि एकवीस राखायलाही एक पूर्ण माणूस लागतो. दोन वर्षांत बायना दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जाईल. तिने रचलेल्या भिंतीचे दगड लोक बांधाला नेतील. तरी ज्या कोणापुढे हा कागद जाईल त्या साहेबांना विनंती आहे की निवाडा देण्याआधी घरून थोडे चिंचोके आणि हातभर दोरा मागवावा.

कलम सातवे. किरकोळ. लोकर कापायची कातर चंद्रभानला. तो घाईत कातडी कापतो, त्याने कातर हळू चालवावी. मेंढीला परत येऊन तक्रार सांगता येत नाही. माझी पोथी देवळात द्यावी, तिची शेवटची दोन पाने मीच फाडली आहेत, लहानपणी, गुरुजींच्या भीतीने. काळी घोंगडी भिवराबाईला, तिने ती आताच घेतली आहे. खुंटीवर टांगलेला वाघरीचा माझा तुकडा, मी तो एकोणीस वर्षे पुरावा म्हणून जपला, तो रायभानला द्यावा. दोन्ही तुकडे त्याच्याकडे असले म्हणजे त्याने मोजावे.

इथवर मंगळवारी लिहिले. उद्या चंपाषष्ठी. देवाला नैवेद्य झाल्यावर साक्षीदार बोलावून सही करीन. साक्षीला येण्यासाठी दिनकररावांना सांगितले आहे, कागदात काय लिहिले तेही.

कलम आठवे. हे कलम मी योजले नव्हते.

आज सकाळी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मी बाहेर आलो, तर रायभान अंगणात उभा. खांद्यावर त्याचा वाघरीचा तुकडा. दिनकररावांनी काल रात्रीच्या आत सगळे त्याच्या कानावर घातले होते, साक्षीदाराने असे करू नये.

"मेल्यावर जाळी द्याया निगालास?" तो म्हणाला. "जित्तेपनी द्यायला हात मोडला व्हता का?"

एकोणीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य हे. बायना पुढे झाली.

"काका, बसा. रोडगा खावा."

"खायला न्हाई आलो. बापाची मेंढरं जावयाच्या घरात जायलीत, ते बगायला आलो. तुजा तुकडा काड, दादा. गावासमोर लावू. आज कळंल आखूड कुनाचा ते."

"लावा की," बायना म्हणाली. "पर ओडायचं न्हाई कुनी. दोनी भिजवू अन् मातीवर टाकू. ज्याची त्याची लांबी आपसूक पडंल."

दोन्ही तुकडे हौदात बुडवले आणि अंगणात शेजारी शेजारी टाकले. दिनकररावांनी टोके जुळवली. दुसऱ्या टोकाला रायभान स्वतः गेला, गुडघ्यावर बसला आणि बोटे लावून मोजले. फरक चार बोटांचा होता. चार बोटे त्याचा तुकडा लांब होता.

दिनकरराव म्हणाले, "रायभान, तूच देनं लागतोस की रं त्याला."

कोणी हसले नाही. मग भिवराबाई हसली आणि सगळेच हसले, रायभान सोडून.

तो म्हणाला, "मग मेंढरं काऊन मावली न्हाईत? माजी चार कोकरं काऊन मेली?"

"तुमची मेंढरं आना," बायना म्हणाली. "तुमीच बगा."

त्याने ओढ्यापलीकडून आपली पस्तीस मेंढरे आणली. बायनाने दोन्ही तुकड्यांची टोके दोरीने बांधली, चंद्रभानने माळावर खुंट्या ठोकून जाळी गोल उभी केली. त्याची पस्तीस, आमची बेचाळीस, सत्त्याहत्तर मेंढरे आत गेली. थोडी फिरली, मग बसली. मधे अजून जागा होती. नंतर तिने गाठी सोडल्या आणि त्याच दोन तुकड्यांचे दोन गोल केले. रायभानने आपली पस्तीस आपल्या हाताने आपल्या गोलात घातली. मावली, पण कोंबून, उभीच्या उभी. एकालाही बसता येईना. बेचाळीसांचे तर विचारू नका. त्याने मेंढरे बाहेर काढली, जाळी नीट केली, पुन्हा घातली. असे तीनदा केले. तिसऱ्यांदा तो खुंटीला हात लावून उभा राहिला.

"म्हंजे तू बरूबर कापली व्हतीस," तो म्हणाला.

"तू बी ठाव बरूबर धरला व्हतास."

"मग ही एकोनीस वर्सं?"

मी म्हणालो, "पंचांनी दिली."

तेव्हा तो हसला. एकोणीस वर्षांत त्याचे पुढचे दोन दात पडले आहेत, हे मला माहीत नव्हते. म्हणाला, "माय असती तर दोगायच्या बी पाटीत घातलं असतं." मग तो ओसरीवर बसला आणि चार रोडगे खाल्ले.

जेवल्यावर मी त्याला हा कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. कलम सहावेही वाचले. तो बायनाकडे पाहत होता.

"पोरीला दे," तो म्हणाला. "तिच्या हाताला गुन हाय. माजी हरकत न्हाई. पर एक इचारतो. माजा पोरगा बन्सीधर पूर्ण्याला रेल्वेत गेला, तो काई मेंढरामागं यायचा न्हाई. पस्तीस मेंढरं अन् मी एकलाच. तुज्या वाड्यात जागा करता का?"

बायनाने माझ्याकडे पाहिलेही नाही. म्हणाली, "काका, तुमी उंद्या म्हनाल म्हनून मी आजच मोजून ठिवलं."

कलम नववे. सबब असे ठरले आहे. रायभानची पस्तीस मेंढरे आजपासून आमच्या कळपात चरतील. कानाची खूण ज्याची त्याची वेगळी, लोकर आणि कोकरे ज्याची त्याला, पण वाडा एक. पुढे माझ्या किंवा रायभानच्या वारसांपैकी कोणीही, कोणत्याही भांडणाने, हा वाडा दोन करू नये. राखणीचा शब्द बायनाचा शेवटचा.

सत्त्याहत्तर मेंढरांसाठी वाडा मोठा करावा लागेल. रायभानसाठी वेगळा वाडा बांधला असता तर एकावन्न हात भिंत लागली असती. त्याच गोलात घेतल्यास भिंत छप्पन्नाची शहात्तर होते. म्हणजे वीस हात. बायनाने हे दोऱ्याने तीन वेळा ताडले आणि मी एकदा. पूर्वेचे दार व पश्चिमेची उंच भिंत कलम पाचव्याप्रमाणे. खुंटी नव्याने ठोकावी, जुना मध्य धरू नये. जुन्या भिंतीचे दगड सगळे कामाला येतील. एकत्र येण्याने एकतीस हात भिंत वाचली. या हिशेबाबद्दल मी देवाचा ऋणी आहे. जाळी कापली तेव्हा हाच हिशेब आमच्या विरुद्ध होता, आज आमच्या बाजूने आहे, आणि तो बदललेला नाही.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, देवाला स्मरून, वाचून व वाचून दाखवून पुरे केले. पूर्वी मी कुठे काही लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. मरण्याची मला घाई नाही. भिंत वाढवायची आहे.

स्थळ: मौजे पांढरमाळ, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.
मिती: मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, शके १८७९, बुधवार, तारीख २७ नोव्हेंबर १९५७.

सही: उमाजी वल्द धोंडजी गडदे, हस्ताक्षर स्वतःचे.

साक्षीदार:

१. दिनकरराव, राहणार पांढरमाळ, धंदा शेती. कलम पाच वाचून पाहिले. मेंढक्याला कोपरा येत नाही असे मी म्हणालो होतो, ते खरे आहे. सही.

२. रायभान वल्द धोंडजी गडदे, लिहून देणाऱ्याचा सख्खा भाऊ, राहणार पांढरमाळ. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. कागद ऐकला, कबूल आहे, हरकत नाही. अंगठा उठवण्याआधी त्याने पुढील शब्द लिहायला लावले, ते त्याच्याच तोंडचे: "ते ईस हात मी एकला बांदतो. दादाचा गुडगा बरा न्हाई, त्यानं सावलीत बसून दगूड दाखवावा."